चाळीस फुटांची वाट

माझ्या धंद्याला सरळ नाव नाही. सोलर कंपन्यांची माणसं मला ‘लोकल कोऑर्डिनेटर’ म्हणायची. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मला हमीद दलाल म्हणतात, तेही तोंडावर. मला राग येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणतात. आता मी तो धंदा सोडला आहे. खरं सांगायचं तर कंपन्यांनी मला सोडलं आहे. का सोडलं याच्या गावात चार कहाण्या फिरतात आणि चारही खोट्या आहेत. संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले गमतीचे प्रसंग मागितले. एक गमतीचा देतो, मग माझं म्हणणं मांडतो. छापायचं तर दोन्ही छापा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

माझे वडील बैलांना पत्र्या मारायचे. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुराला लोखंडी पत्री ठोकायची, म्हणजे डांबरी रस्त्यावर खूर झिजत नाही. मी दोर धरायचो. शाळा सुटली ती त्या दोरापायी. पुढे मी बैलबाजारात मध्यस्थी करू लागलो. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतीच्या गर्दीला कळू द्यायचं नाही. समोरच्याला नेमकं काय हवंय ते तो तोंडाने कधीच सांगत नाही, हे मी तिथे शिकलो. दुसरी गोष्ट वडिलांनी शिकवली होती. बैल उभा बघून घ्यायचा नाही, चालवून बघायचा. उभा असला की लंगडाही राजबिंडा दिसतो.

मग ट्रॅक्टर वाढले, बाजार ओसरला. बाजाराच्या कमाईतून मी आयुष्यात एकच शहाणपणाची खरेदी केली होती. वीज मंडळाच्या सबस्टेशनला लागून दोन एकर खडकाळ रान. लोक हसले होते, कारण तिथे कुसळाशिवाय काही येत नव्हतं. त्या दोन एकरांचा विषय पुढे येणार आहे.

त्यानंतर सोलर आलं. शेतीच्या मोटारींना दिवसा वीज मिळावी आणि कोळसा कमी जळावा म्हणून सबस्टेशनच्या आसपास सोलरचे प्लांट उभे करायचे, असं धोरण ठरलं. धोरण चांगलं होतं. मी आजही चांगलंच म्हणतो, म्हणून कुणी मला विकासाचा शत्रू वगैरे समजू नये. पण प्लांटला जमीन लागते आणि जमिनीला माणसं चिकटलेली असतात. एका सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातले तीन मयत, एक पुण्यात, एक बहीण रुसून सासरी, एकाने सख्ख्या भावावर दावा लावलेला. या सगळ्यांना एका दिवशी एका टेबलाशी आणायचं, सह्या घ्यायच्या आणि सगळं मिटेपर्यंत कुणाला उठू द्यायचं नाही, हा माझा धंदा. कंपनीला नकाशावर एक चौकोन दिसायचा. मला त्यात कुणाची विहीर, कुणाचा पीर, कुणाचा अबोला दिसायचा.

अबोल्याचाच किस्सा सांगतो. कवठे येमाईच्या अंगाला दोन भाऊ होते, दोघेही साठीच्या पुढचे. मधल्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद झालेलं. बांध कुणी किती कोरला याची दोघांची दोन मापं होती आणि दोन वकील होते. कंपनीला दोघांचीही जमीन हवी होती. थोरला म्हणाला, “त्यो सही करनार आसंल तर मी करनार न्हाई.” धाकटाही शब्दाला शब्द तेच म्हणाला. मी दोन दिवस फेऱ्या मारल्या, तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. दोघांना एकाच चहाच्या टपरीवर एकमेकांकडे पाठ करून बसवलं आणि मधे उभा राहून ओरडलो, “आरं, करार झाल्यावर मशीन येनार हाय आन् बांध सपाट करनार हाय! त्यो बांध तुलाबी न्हाई आन् त्यालाबी न्हाई!”

थोरल्याने मान न वळवता विचारलं, “त्याला बी न्हाई? नक्की?”

“नक्की.”

“मग आन कागद.”

सह्या झाल्या, बांध गेला. वर्षभराने थोरला मला एसटी स्टँडवर भेटला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “हमीदभाई, करमत न्हाई ओ. तारखंला जायाचो तवा निदान त्यो दिसायचा तरी.”

आता माझं म्हणणं.

मांडवगण फराट्याकडून दौंडच्या बाजूला उतरताना एक गाव लागतं. नाव घेत नाही, कारण मला तिथे अजून चहा प्यायचा आहे. गावाच्या एका अंगाला ऊस, एका अंगाला माळ. माळ म्हणजे गायरान, सरकारी जागा, गावच्या गुरांना चरायला ठेवलेली. माळाच्या पलीकडच्या टोकाला पाझर तलाव. कंपनीला प्लांटसाठी तो माळ हवा होता. गायरान मिळवायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ठराव करून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी माळ बघायला गेलो तो माघ महिना होता. कंपनीचे मॅनेजर देसाई साहेब बरोबर होते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. बुटांत कुसळं गेली तरी तक्रार न करता चालत होता. गुडघाभर वाळलेलं गवत होतं. एक खोकड आमच्याकडे बघून बिळात गेलं. लांब पायांचे मातकट पक्षी पुढे पुढे पळत होते, उडायचा आळस असल्यासारखे. माणूस एकही नव्हता.

“वापर कोण करतं याचा?” साहेबांनी विचारलं.

“कोन करतंय? मोकळाच हाय की,” मी म्हणालो.

सरकारी कागदातही माळ ‘पडीक’ होता. ग्रामसभा त्याच महिन्यात झाली. सरपंच तात्यांनी ठराव वाचला, हात वर झाले, सह्या झाल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लवकर झालेला सौदा. मी खूश होतो.

आता कबुली देतो. माळाच्या कडेला धनगरांची सात-आठ घरं आहेत. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. पावसाळाभर मेंढरं त्याच माळावर चरतात, तलावाचं पाणी पितात. हे मला माहीत होतं. त्यांच्यातले सोमाआप्पा वडिलांचे दोस्त. त्यांचा मुक्काम हलला की आमच्या घरी निरोप यायचा. तरी मी माघातली ग्रामसभा धरली, कारण त्या दिवसांत तोंडं कमी असतात आणि काम लवकर उरकतं. विसरलो असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा ते आठवायचं नव्हतं.

ज्येष्ठात सोमाआप्पा परतले. एका सकाळी तात्यांचा फोन आला, “हमीदमामा, लवकर या. तुमचं नाव घ्यायला लागल्यात.”

गेलो. माळाला आडवं तारेचं कुंपण पडलं होतं, माणसाच्या डोक्याच्या वर. कुंपणाला नाक लावून तीनेकशे मेंढरं उभी. पुढची तारेला भिडलेली, मागची पुढच्यांना ढकलत होती. पलीकडे तलाव दिसत होता. मेंढरांना पाण्याचा वास येतो. त्यांचा तो आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. सोमाआप्पा घोंगडी खांद्यावर टाकून दगडावर बसले होते. ते शिव्या देतील या तयारीने मी गेलो होतो, उत्तरंही तयार होती. भांडणात मी कुणाला ऐकत नाही.

ते म्हणाले, “बस.”

मी उभाच राहिलो.

“हमीद, तू बैल घेतुस तवा कसा बघतुस?”

मी तारेला भिडलेल्या मेंढरांकडे बघत राहिलो.

“तुझ्या बानं मला सांगितलंय. चालवून बघायाचा. मग ह्यो माळ कवा चालवून बघितलास? उभा बघितलास. त्योबी आमी न्हाई ते बघून.”

बैलबाजारापासून या धंद्यापर्यंत मला कुणी असं पकडलं नव्हतं. राग आला तो साहजिकच त्यांच्यावर आला. मी म्हणालो, “आप्पा, गायरान काय तुमच्या नावावं हाय का? सरकारचं हाय. आन् दुसऱ्या रस्त्यानं न्या की तळ्याला!”

“कुठल्या? कॅनॉलच्या कडंनं? दोन्हीकडं ऊस. उसात बिबट्या. लांडग्याचं आमास्नी कळतंय बाबा. त्याचा वाटा ठरल्याला हाय, वर्साला दोन-चार कोकरं जात्यात, त्यो माळावं ऱ्हातो, आमी माळावं ऱ्हातो. ह्या बिबट्याचा वाटा कुनी ठरिवला न्हाई. आन् उसावाला मेंढराचं तोंड बघू देत न्हाई. मग काय डांबरीनं जाऊ? टँकरखाली?”

त्या दिवशी एका मागच्या दाराचं कुलूप काढून मेंढरं कशीबशी पाण्यावर सोडली. दुसऱ्या दिवशी मी देसाई साहेबांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेलो. माझी मागणी सरळ होती. प्लांटच्या मधून तलावापर्यंत चाळीस फुटांची वाट सोडा, दोन्ही बाजूंनी कुंपण घाला आणि तलावाच्या काठाचा गवताळ तुकडा उघडा ठेवा.

“मामा, ठराव तुम्हीच करून दिलात.”

“दिला. चुकलो. आता दुरुस्त करायला आलोय.”

“लेआउट फायनल आहे. पॅनल येऊन पडलेत.”

“पॅनल सरकत्यात सायेब. मेंढरं उडत न्हाईत.”

ते हसले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, हा क्लायमेटचा प्रश्न आहे. उद्याच्या पिढ्यांचा. एका कळपासाठी आपण एवढा प्रोजेक्ट अडवायचा का?”

इथे माझा तोल गेला, आणि गेला त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी टेबलावर हात आपटला. “क्लायमेट आमाला शिकवू नका. कांदा काढायच्या दिवसात गारा कुनाच्या डोक्यात पडल्या? तुमच्या का आमच्या? ज्या मानसानं जन्मात गाडी घेतली न्हाई, इमान पोटातनं कसं दिसतंय त्ये बघितलं न्हाई, घरात पंखा न्हाई, त्याच्याच वाटंत तुमची तार? धूर केला कुनी आन् दंड कुनाला?”

साहेब म्हणाले, “मामा, मी फक्त इंजिनिअर आहे.”

“मग इंजिनिअरसारखं ऐका. तुमच्या प्लांटची लाईन सबस्टेशनला जानार ना? मधे दोन एकर माझे हाईत. सहा पोल माझ्या रानात रोवायचे हाईत. तोंडी हो म्हनलो हुतो. आता न्हाई म्हनतो.”

अशी लाईन कायद्याने नेता येते, हे मला ठाऊक होतं. वरून आदेश आणावा लागतो, नोटिसा निघतात, सुनावणी होते. तीन-चार महिने सहज जातात. कंपनीला वीज सुरू करून देण्याची मुदत होती आणि तेवढे महिने तिच्याकडे नव्हते. लोक ज्या खडकाला हसले होते तो खडक त्या दिवशी माझ्या हातातला सगळ्यात चांगला बैल ठरला. मी केबिनमधून ऐटीत बाहेर पडलो.

ती ऐट दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी सकाळी शकू माझ्या दारात उभी राहिली.

शकुंतला त्याच गावची. दीड एकर ऊस, अर्धा एकर कांदा. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, शिफ्ट बदलती. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत पाण्याची दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, शकूच जायची, हातात बॅटरी, कमरेला कोयता, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावलेली. आमच्या भागात उसात बिबटे घर केल्यासारखे राहतात. हे बाहेरच्यांना पेपरात वाचायला मिळतं, आम्हाला बांधावर दिसतं. शकूने तो दोनदा पाहिला होता. दुसऱ्यांदा तो तिच्यात आणि घरात मधे बसला होता. माघातल्या ग्रामसभेत सगळ्यात आधी हात वर केला तो तिने.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. ऊस पाण्याला आला होता.

“मामा, मेंढरांना वाट पायजे?”

“पायजे.”

“मलाबी वाटतंय पायजे. आप्पांची मेंढरं माझ्या रानात बसत्यात, मला काय कळत न्हाई व्हय? पन लाईन थांबली म्हंजी दिवसाची लाईट थांबली. तुमी सौदा कुनाच्या जिवावं करताय?”

“शकू, पंधरा-वीस दिसाचा प्रश्न हाय. कंपनी वाकतीच.”

“पंधरा-वीस दीस तुमचं. रात्री माझ्या हाईत.” तिचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. “तुमी मेंढरं बाजूला ठिवून ठराव केला. आता मला बाजूला ठिवून वाट करताय. तुमाला कोन तरी बाजूला ठिवायला लागतंयच का मामा?”

चहाही न घेता ती गेली. इतक्या वर्षांच्या सौद्यांत मला कुणी पकडलं असे प्रसंग दोन, सोमाआप्पांचा दगड आणि शकू उभी होती तो माझाच उंबरा, आणि दोन्ही एकाच आठवड्यातले. मी दोन एकरांवर जाऊन बसलो. पोल दिले तर वाट गेली. नाही दिले आणि शकूचं काही बरंवाईट झालं तर मी तोंड कुठे लपवणार होतो? खरं सांगतो, पोल द्यायचं ठरवूनच मी उठलो. तसं सांगायला आधी सोमाआप्पांकडे गेलो, कारण कच खायचीच तर तोंडावर खावी.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पोरीचं रान कुठं आलं?”

“कॅनॉलच्या खाली. कांद्याची पट्टी मोकळी हाय, बाकी ऊस.”

“मग त्या पट्टीत वाडा बसिवतो की.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मोकळ्या रानात मेंढरं मुक्कामाला बसवणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. जाळी लावून मेंढरं आत कोंडायची, भोवती धनगरांचा संसार, कुत्री, शेकोटी. यालाच वाडा म्हणतात. लेंड्यांचं आणि मुताचं खत रानाला मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. एरवी वाडा तीन-चार दिवस बसतो.

आप्पा म्हणाले, “पाऊस पडूस्तवर बसतो. आमी मानसं आळीपाळीनं जागीच आसतो. पाच कुत्री हाईत, गळ्यात खिळ्याचे पट्टे हाईत. ती दारं धरंल तवा आमची म्हातारी तिच्यासंगं बांधावं हिंडंल. म्हातारीच्या तोंडापुढं बिबट्या काय करतोय!”

“आप्पा, मेंढरांच्या वासानं बिबट्या उलट यील.”

“यील. आला तर माझं एक कोकरू जाईल. पोरगी तर ऱ्हाईल?”

हा तोडगा माझा नव्हता, हे लिहून ठेवतो. माझ्या डोक्यात सौद्याशिवाय काही येत नाही. ज्याची वाट मी बंद केली होती, तो माणूस माझ्या चुकीवर पहारा द्यायला निघाला होता. शकूला सांगायला मीच गेलो. ती एवढंच म्हणाली, “म्हातारीला च्या लागतोय का कापी?”

पाऊस येईपर्यंत वाडा अठरा दिवस बसला. एक कोकरू गेलं, आणि पाच कुत्र्यांपैकी एकाचा कान. शकूला ओरखडा उठला नाही. गावाने हे रोज बघितलं, त्यामुळे जे माझ्यावर चिडले होते तेही हळूहळू कंपनीच्या केबिनकडे वळले. तात्या स्वतः गेले. तलाठ्यापासून पतसंस्थेच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी साहेबांना विचारलं, “चाळीस फुटांनी तुमचं काय आडतंय?” एकोणिसाव्या दिवशी देसाई साहेबांचा फोन आला. पॅनलच्या दोन रांगा सरकवता येतील, म्हणाले. मी म्हणालो, “कागदावं द्या.” त्यांनी वाट कागदावर दिली. मी पोलांना सही दिली, त्याच दिवशी, त्याच टेबलावर.

तलावाकाठचा गवताचा तुकडा मात्र गेला. तिथे मी हरलो. लांब पायांचे ते पक्षी आता दिसत नाहीत. लांडगेही माळ सोडून गेले. आप्पांना विचारलं, बरं झालं ना? ते म्हणाले, “शेजारी गेला तर बरं वाटतंय व्हय?” माघात त्या ग्रामसभेआधी मी तोंड उघडलं असतं तर तो तुकडा वाचला असता.

दिवसाची वीज आली. शकू आता सकाळी नऊला दारं धरते, उन्हात. “ऊन लागतंय,” म्हणून कुरकुर करते आणि स्वतःच हसते. उद्घाटनाला मंडप पडला होता, फेटे होते, नारळ होते. सोमाआप्पांना कुणी बोलावलं नाही. मला बोलावलं, पण पत्रिकेत नाव नव्हतं आणि खुर्ची स्वयंपाकाच्या मंडपाशेजारी होती. त्यानंतर त्या कंपनीचा फोन आला नाही आणि दुसऱ्या कंपन्यांचेही बंद झाले. ‘अडवणूक करणारा माणूस’ अशी माझी ख्याती पसरली. गावात म्हणतात, हमीदने पोलांचा मोबदला वाढवून घेतला. एक पैसा वाढवून घेतला नाही. घ्यायला काही हरकत नव्हती. सुचलं नाही, एवढंच.

खरा संताप पुढे आहे. मध्यंतरी कंपनीचं एक चकचकीत पुस्तक माझ्या हाती पडलं. पहिल्याच पानावर फोटो आहे, दोन बाजूंना निळे पॅनल, मधून चाळीस फुटांच्या वाटेने जाणारी मेंढरं, पुढे घोंगडी पांघरलेले सोमाआप्पा. खाली लिहिलंय की आमचा प्रकल्प निसर्गाला आणि ग्रामजीवनाला सोबत घेऊन चालतो. पाहुणे आले की त्यांना ती वाट मुद्दाम दाखवतात. ज्या वाटेसाठी मला बाहेर काढलं ती वाट आता त्यांची शोभा झाली आहे! मी ते पान फाडून खिशात ठेवलंय. कुणी दलाल म्हटलं की काढून दाखवतो.

जवळच इनामगावला घोड नदीच्या काठी उकरून हजारो वर्षांपूर्वीची घरं काढली आहेत. तिथल्या माणसांनी कुठली जनावरं पाळली, काय खाल्लं, याची हाडांवरून मोजदाद करायला मोठमोठी माणसं आली. चांगलंच केलं. पण जे जिवंत आहेत, ज्यांची मेंढरं आज त्याच मातीत चरतात, त्यांची नोंद घ्यायला सहा महिने थांबणं आपल्याला जमत नाही. त्यांचा माळ पडीक, कारण आपण गेलो त्या दिवशी ते घरी नव्हते.

यंदा पुन्हा तेच सुरू झालंय. शेजारच्या दुसऱ्या माळावर प्लांट यायचा आहे, कंपनी दुसरी आहे. एक सर्व्हेवाला ड्रोन उडवून गेला. मी त्याला आषाढात परत ये म्हणालो, तर म्हणाला, “मामा, पावसात ड्रोन उडत नाही.” ठरावाची ग्रामसभा दिवाळी झाल्यावर घ्यायची, लोकांना तेव्हा सवड असते, असं तात्या म्हणतात. गेल्या बैठकीत मी उभा राहिलो आणि मागणी केली की गायरानाचा ठराव आषाढ-श्रावणातच व्हावा, सगळी वस्ती घरी असताना. सेक्रेटरी म्हणाले, असा नियम नाही. मी म्हणालो, मग करा. मागून कुणीतरी ‘दलाल’ म्हणालं. मी पान काढून दाखवलं.

परवा शकू भेटली. म्हणाली, “मामा, ह्या बारीला मी तुमच्या शेजारी उभी ऱ्हाते. पन ध्यानात ठिवा, ह्यो प्लांट मला पायजे. खालच्या वस्तीला आजून रातचीच लाईट हाय. उगं उशीर लावलात तर तुमच्या समोर उभी ऱ्हाईन.”

“उशीर कशाला? आप्पा घाट उतरायच्या आत घ्या म्हनावं सभा. आत्ताच.”

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा सोमाआप्पांच्या घोड्यांवर बिऱ्हाड लादलं जात असेल आणि माळ चार दिवसांत मोकळा दिसू लागेल. नव्या कंपनीचे साहेब बुटांतली कुसळं काढत विचारतील, वापर कोण करतं याचा? या वेळी उत्तर द्यायला मी तिथे उभा असणार आहे, बोलावलं तरी आणि नाही तरी. आणि ऐकलं नाही, तर त्यांना एक गोष्ट आत्ताच कळवून ठेवतो. त्यांच्या तारासुद्धा त्याच सबस्टेशनला जायच्या आहेत, आणि मधले दोन एकर अजून माझ्याच नावावर आहेत.